गावाच्या नावातले इंग्रजी शब्द

शब्दकोशात शब्द शोधायचा तर त्याचे पहिले अक्षर ठाऊक असावे लागते. पहिल्यावरून दुसरे, दुसऱ्यावरून तिसरे, असे करत आपण त्या शब्दापाशी पोचतो. शब्दांचे खेळ मात्र नेमके उलटे विचारतात. शब्दकोड्यात तिसरे आणि सहावे अक्षर हाती असते, पहिल्याचा पत्ता नसतो. स्क्रॅबलमध्ये सात अक्षरे समोर पडलेली असतात. त्यांत क्यू असतो आणि यू नसतो. अशा वेळी हजार पानांचा कोश उशाशी असला तरी त्याचा उपयोग नाही. मग शब्द सापडतो तो कसा, हे सांगण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

कोणी म्हणेल, हा रिकामटेकड्यांचा उद्योग. मलाही प्रथम तसेच वाटत असे. आम्ही चौघी-पाच जणी दिवेआगर आणि आसपासच्या गावांतून एस.टी.ने कॉलेजला येतो. घाटीची वळणे, थांबे, चढणारी-उतरणारी माणसे यांत बराच वेळ जातो. रस्त्यावरच्या पाट्यांवर गावांची नावे मराठीत असतात तशी इंग्रजीतही असतात. त्यावरून आमचा खेळ सुरू झाला. गावाच्या नावातली इंग्रजी अक्षरे घ्यायची, ती उलटसुलट करायची आणि कोशात असलेला इंग्रजी शब्द तयार करायचा. लहान शब्द झाला तर एक गुण. एकही अक्षर न उरता सगळ्या अक्षरांचा शब्द झाला तर दहा गुण.

मराठीत असा खेळ फार पुढे जात नाही. ‘रस’चा ‘सर’ होतो, ‘मका’चे ‘काम’ होते, ‘राज’ उलटले की ‘जरा’ मिळते, पण तेवढेच. याचे कारण आपल्या लिपीत आहे. आपला स्वर व्यंजनाला काना-मात्रेने चिकटलेला असतो. ‘का’ हे एकच अक्षर, त्यातला ‘आ’ सुटा करून दुसऱ्याला देता येत नाही. मराठी कोड्यात ‘महाराष्ट्र’ला चार चौकोन पुरतात, कारण ‘ष्ट्र’ एकाच चौकोनात बसतो. इंग्रजीत त्याच नावाला अकरा चौकोन लागतात. तेथे प्रत्येक स्वर स्वतंत्र अक्षर म्हणून बसतो आणि म्हणून कोठेही हलवता येतो. टी, ई, ए ही तीन अक्षरे घ्या. टी-ई-ए म्हणजे चहा, ई-ए-टी म्हणजे खाणे, ए-टी-ई म्हणजे खाल्ले. पी, ओ, एस, टी या चार अक्षरांतून तर पोस्ट, स्टॉप, स्पॉट, टॉप्स, पॉट्स आणि ऑप्ट्स असे सहा शब्द निघतात.

पण चार अक्षरे मांडण्याच्या रीती किती? गणिताप्रमाणे चोवीस. म्हणजे चोवीसपैकी सहा शब्द, अठरा फुकट. पाच अक्षरांच्या रीती १२० होतात, सातांच्या ५,०४०. एकेक मांडून पाहायचे ठरवले तर एस.टी. मुंबईला जाऊन परत येईल. म्हणून पहिले सूत्र असे की, सगळ्या रीती तपासायच्या नसतात. ज्या होऊच शकत नाहीत त्या आधी काढून टाकायच्या असतात. त्यासाठी इंग्रजी अक्षरांचे स्वभाव माहीत हवेत.

सगळी अक्षरे सारखी वापरात नसतात. इंग्रजीत सर्वांत अधिक येते ते ई. त्यामागे टी, ए, ओ, आय, एन, एस, आर यांची रांग. क्यू, झेड, जे, एक्स ही क्वचित दिसणारी मंडळी. तारयंत्रासाठी जी मोर्सची लिपी झाली, तिच्यात ई-ला केवळ एक टिंब आणि टी-ला केवळ एक रेघ दिली आहे, कारण जे वारंवार लागते ते चटकन पाठवता आले पाहिजे. आपल्याकडची तार २०१३ सालच्या जुलैत बंद झाली. हिशेब मात्र तोच राहिला. अमेरिकेत अल्फ्रेड बट्स नावाचा वास्तुविशारद १९३०च्या सुमाराच्या मंदीत बेकार झाला. त्याने वर्तमानपत्राच्या पानांवरची अक्षरे मोजली आणि त्या मोजणीवर एक खेळ बेतला. पुढे १९४८ साली जेम्स ब्रुनो याने त्याला ‘स्क्रॅबल’ हे नाव दिले. त्या खेळाच्या शंभर सोंगट्यांत ई बारा आहेत आणि त्याला एकच गुण आहे. क्यू आणि झेड एकेकच, पण त्यांना दहा-दहा गुण. दुर्मीळाला किंमत, हा बाजाराचा नियम अक्षरांनाही लागू झाला.

मोबाइलवर ‘वर्डल’ खेळणाऱ्यांनाही हीच मोजणी उपयोगी पडते. जॉश वॉर्डल याने २०२१ साली तो लोकांपुढे आणला आणि २०२२च्या जानेवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो विकत घेतला. पाच अक्षरांचा शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा असतो. पहिल्याच प्रयत्नात ई, ए, आर, एस, टी अशी नेहमीची अक्षरे वापरली, तर असलेली कळतात आणि नसलेलीही कळतात. नसलेली कळणे हेसुद्धा कळणेच आहे.

मोजणीनंतर येते ती सोबत. अक्षरे माणसांसारखीच आहेत. कोणाशेजारी कोण बसणार हे बहुधा ठरलेले असते. एच-ला सी, एस, टी, पी, डब्ल्यू यांच्या मागे बसायला आवडते. एल आणि आर यांना बी, सी, एफ, जी, पी यांच्यामागे जागा मिळते. ओ आणि आय जोडीने येतात; ऑइल, कॉइन, पॉइंट हे शब्द आठवा. व्ही इंग्रजी शब्दाच्या शेवटी जवळजवळ येतच नाही. म्हणून तर गिव्ह, हॅव्ह, लव्ह यांच्या शेवटी उच्चारात नसलेला ई बसवलेला आहे. पूर्वी यू आणि व्ही एकाच आकृतीने लिहीत. शेवटी ई आला म्हणजे येथे व्ही वाचायचा, अशी ती खूण. शाळेत हा मुका ई विसरल्याबद्दल मी पुष्कळ लाल रेघा घेतल्या आहेत. तो तेथे का आहे हे तेव्हा कळले असते, तर निदान काही रेघा वाचल्या असत्या.

शब्दाचे शेपूट आणि डोके वेगळे काढणे ही तिसरी रीत. हाती आय-एन-जी असेल तर ती तीन अक्षरे उजव्या हाताला सरकवावीत. ई-डी, ई-आर, टी-आय-ओ-एन यांचेही तसेच. यू-एन आणि आर-ई डाव्या हाताला ठेवून पाहावीत. मराठीत ‘पणा’, ‘दार’, ‘खोर’ हे शेवटी आणि ‘बे’, ‘सु’, ‘गैर’ हे आरंभी लागतात, त्यातलाच हा प्रकार. सात अक्षरांतली तीन अशी बाजूला झाली की उरतात चार, आणि चारांच्या रीती चोवीसच.

आता या रीती आमच्या गावांवर लावून पाहू.

बोर्ली पंचतन हे दिवेआगरच्या वाटेवरचे बाजाराचे गाव. त्यातले नुसते ‘बोर्ली’ घेतले तर बी, ओ, आर, एल, आय अशी पाच अक्षरे. बी-च्या मागे आर बसवला, ओ आणि आय यांची जोडी लावली, एल शेवटी उरला. झाला ‘ब्रॉइल’, म्हणजे विस्तवावर भाजणे. ज्या बाजारात आपण सुकी मासळी घेतो त्याच्या नावातच ती भाजायची सोय, म्हणून आम्ही सगळ्या हसलो.

शेजारचे वेळास: व्ही, ई, एल, ए, एस. येथे व्ही-चा स्वभाव उपयोगी पडतो. तो शेवटी राहणार नाही, पण ई-ला घेऊन राहील. व्ही-ई शेवटी ठेवले की उरतात एस, एल, ए. त्यांतून ‘स्लेव्ह’ मिळतो, म्हणजे गुलाम. ए आणि एल यांची अदलाबदल केली तर एस-ए-एल-व्ही-ई, म्हणजे मलम. एस शेवटी नेऊन अनेकवचन केले तर ‘व्हेल्स’, म्हणजे दऱ्या. एका छोट्या गावाच्या पोटात जखमही निघाली आणि मलमही.

म्हसळ्याने आम्हांला दमवले. कोणी त्याचे स्पेलिंग एक ए वाढवून करतात. आम्ही सहा अक्षरांचे धरले. एम, एच, ए, एस, एल, ए. एस आणि एच समोर दिसताच आम्ही त्यांची जोडी लावली, कारण ती नेहमीची. लॅश झाला, मॅश झाला, पण काही ना काही उरायचेच. दोन दिवसांनी एकीने एस सोडवून शेवटी नेला. एच-ला मागे बसायला कोणी उरले नाही, तेव्हा तो पहिला बसला. एच-ए-एम-ए-एल, आणि शेवटी एस: ‘हमाल्स’. हमाल हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला तसा इंग्रजी कोशातही जाऊन बसला आहे. यातून शिकण्यासारखे असे की, नेहमीची जोडी हा आधार असतो, पण कधी कधी तीच डोळ्यांवरची झापड होते. अडले की सर्वांत पक्की वाटणारी जोडी पहिल्याने मोडून पाहावी.

हमालाने आणखी एक दार उघडले. इंग्रजीची जी अक्षरे अवघड म्हणून बदनाम आहेत, ती सोडवायला पुष्कळदा आपल्याकडचेच शब्द धावून येतात. क्यू-चे उदाहरण घ्या. जुन्या इंग्रजीत राणीचा शब्द सी-डब्ल्यूने लिहीत. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, त्यानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी तेथे क्यू-यू आणले आणि ती जोडी कायमची झाली. यू हाती नसेल तर अस्सल इंग्रजी शब्द मिळणे जवळजवळ अशक्य. अशा वेळी ‘फकीर’ कामी येतो. त्याचे एक स्पेलिंग एफ-ए-क्यू-आय-आर असे आहे. स्क्रॅबलच्या इंग्लंडकडील कोशात ‘कव्वाली’ही आहे, क्यूने सुरू होणारी. जे-ने संपणारा शब्द हवा आहे? राज, ताज, स्वराज घ्या. के-एच एकत्र आले तर लाख आणि खाकी, डी-एच आले तर धोबी आणि धोतीचे रूप, जी-एच आरंभी आले तर घाट. जो घाट रोज एस.टी.तून चढतो-उतरतो, तो इंग्रजी कोशात जी-एच-ए-टी असा उभा आहे.

एकदा एका इंग्रजी वर्तमानपत्राच्या कोड्यात सूचना होती: सापाचा शत्रू, आठ अक्षरे. दुसरे अक्षर ओ, शेवटची चार ओ-ओ-एस-ई. मी ‘गूस’ धरून हंसाच्या जातीचे सगळे पक्षी आठवून पाहिले. साप मारणारा हंस काही सापडेना. उत्तर निघाले ‘मंगूस’. इंग्रजी कोश सांगतात की हा शब्द मूळचा आपला मुंगूस आहे. आमच्या वाडीत सुपारीच्या झाडांखालून रोज पळणारे जनावर मी परदेशातल्या तळ्यावर शोधत होते! त्याचा गूसशी काहीही संबंध नसल्यामुळे अनेकवचनही गीसप्रमाणे होत नाही. मंगूसेस असे साधेच होते.

पण दिसण्यावर फार भिस्त ठेवू नये, हेही सांगितले पाहिजे. दिवेआगरच्या स्पेलिंगमध्ये ए-जी-ए-आर हा शब्द तसाच्या तसा आहे आणि तो इंग्रजी कोशातही आहे. मला वाटले, आपले आगरही तिकडे पोचले. परंतु कोशातला ‘अगार’ मलायी भाषेतून आला आहे. समुद्रशेवाळापासून होणारा तो थिजणारा पदार्थ. प्रयोगशाळेत जंतू वाढवायला वापरतात. नारळी-पोफळीच्या आपल्या आगराशी त्याचे नाते नाही. अक्षरे तीच, घराणी वेगळी.

सापडलेले शब्द ठेवायचे कसे, याचीही एक युक्ती आहे. शब्दातली अक्षरे ए-पासून झेड-पर्यंतच्या क्रमाने लावायची आणि वहीत त्या क्रमाखाली शब्द लिहायचा. पोस्ट, स्टॉप, स्पॉट या सर्वांची अक्षरे क्रमाने लावली की ओ-पी-एस-टी हेच येते. म्हणून ते सगळे एका घरात राहतात. पुढे कधीही ही चार अक्षरे कोणत्याही क्रमाने समोर आली, तरी घर तेच. मोबाइलमध्ये अक्षरे टाकताच शब्दांची यादी देणाऱ्या सोयी असतात, त्यांना हीच युक्ती पुरते. यंत्र ते क्षणात करते, आपल्याला वही उलटावी लागते. पण वही उलटणाऱ्याला वाटेतले दहा शब्द फुकट मिळतात.

आता जे शेवटी सांगायचे ठरवले होते ते सांगते.

दिवेआगर या नावात आठ अक्षरे: डी, आय, व्ही, ई, ए, जी, ए, आर. ए दोनदा असल्याने मांडण्याच्या रीती २०,१६०. ड्राइव्ह, ग्रेड, एरिया, ॲव्हिड असे लहानमोठे शब्द मी केव्हाच काढले होते. पाच अक्षरांचा ‘ग्रेव्ह’ही काढला होता, त्याचा एक अर्थ थडगे आणि दुसरा अर्थ गंभीर. आठही अक्षरांचा शब्द मात्र वर्ष झाले तरी मिळत नव्हता.

गेल्या पावसाळ्यात ताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तपासणीहून परतताना तिच्या हाती केसपेपर होता. आईने तो माझ्यापुढे केला. म्हणाली, “तू शिकतेस ना गं, बघ काय लिहिलंय ते.” आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पेपरावर एक लांबलचक शब्द होता. तो मला वाचता येईना, पण त्याच्या मधोमध जी-आर-ए-व्ही ही चार अक्षरे स्पष्ट दिसली. वहीतला ‘ग्रेव्ह’ डोळ्यांपुढे आला आणि पोटात गोळा उठला. गंभीर! मी आईला म्हटले, “शाईचं नीट दिसत नाही, उद्या कॉलेजात बघून सांगते.” ताई माझ्याकडे पाहत होती. तिला काय समजले कोण जाणे, रात्री ती जेवली नाही.

मीही झोपले नाही. मग उठून वही घेतली आणि खेळात करतो तसे केले. ग्रेव्ह बाजूला ठेवला, कारण त्याला शेवटी ई लागतो आणि येथे तो नव्हता. शब्दाचे डोके सोडवले: पी-आर-आय-एम-आय. हे प्रायमरीतले आहे, प्राइममधले आहे, म्हणजे पहिला. उरले जी-आर-ए-व्ही-आय-डी-ए. ‘ग्रॅव्ह’ने सुरू होणारा, पण भीतीचा नसलेला असा दुसरा शब्द मला येतो का? येत होता. ग्रॅव्हिटी. शाळेत त्याला आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो. गुरुत्व म्हणजे जडपणा. मराठीच्या तासाला वृत्त शिकताना लघु आणि गुरू मोजतो, त्यातला गुरू म्हणजे वजनदार. म्हणजे हा शब्द ‘पहिल्यांदा जड झालेली’ असा काही तरी असावा.

सकाळी गावातल्या आशाताईंना विचारले. त्या म्हणाल्या, “अगं, प्रायमिग्रॅव्हिडा. पहिलटकरीण. सगळ्या पहिलटकरणींच्या पेपरावर लिहितात तसं.”

पहिलटकरीण! ताई आल्यापासून आजी दिवसातून दहा वेळा तिला हाच शब्द म्हणत होती. कॉलेजच्या कोशात नंतर पाहिले. लॅटिनमध्ये ‘ग्रॅव्हिस’ म्हणजे जड, आणि आपला ‘गुरु’ व तो एकाच मुळाचे मानतात. गंभीर या अर्थाचा ‘ग्रेव्ह’ही त्याच मुळातला, थडगे या अर्थाचा मात्र वेगळ्याच घराण्यातला. मी रात्रभर ज्याला भ्याले, ते थडगे त्या शब्दात नव्हतेच.

त्याच पानावर कोशात अनेकवचन दिले होते. लॅटिन शब्दांचे ए-ने संपणारे रूप अनेकवचनात ए-ई होते. विज्ञानाच्या पुस्तकात लार्व्हाचे होते तसे. म्हणून ग्रॅव्हिडाचे ‘ग्रॅव्हिडी’, म्हणजे गर्भवती स्त्रिया. जी, आर, ए, व्ही, आय, डी, ए, ई. मी सवयीने अक्षरे क्रमाने लावली: ए, ए, डी, ई, जी, आय, आर, व्ही. वहीतले ते घर वर्षभर रिकामे होते. वर नाव लिहिलेले होते दिवेआगर.

दहा गुण मिळाले, पण सांगायची गोष्ट ती नव्हे. इंग्रजीच्या पेपराला आपल्यापैकी अनेक जण भितात, मीही भिते. अनोळखी शब्द दिसला की आपण तो पहिल्या अक्षरापासून एका दमात वाचायला जातो आणि वाचता आला नाही की पेपर खाली ठेवतो. किंवा त्यातला एखादा ओळखीचा तुकडा धरून भलताच अर्थ करतो, जसा मी केला. खेळाने मला एवढेच शिकवले की, शब्दाला डोके असते, शेपूट असते, मधल्या अक्षरांची सोबत असते. ती सोडवून पाहावी, एक अर्थ बसला तरी दुसरा बसतो का ते पाहावे, आणि शेवटी जाणत्याला विचारावे. यांतले शेवटचे मी पहिल्याच संध्याकाळी केले असते, तर ताई उपाशी झोपली नसती.

ताईला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. आजी म्हणते, घरात यंदा दोन पहिलटकरणी होत्या, एक दवाखान्यातली आणि एक कॉलेजातली.

श्रीवर्धनच्या अकरा अक्षरांचा शब्द मात्र आम्हांला अजून मिळालेला नाही. वाचकांपैकी कोणाला सापडल्यास सकाळच्या एस.टी.त मागच्या बाकावर कळवावे. दहा गुण नक्की.